चालती व्हीएम हलवताना एकही बदल सुटू नये म्हणून

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत होस्ट (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारा खरा सर्व्हर) रिकामा करणं हे रात्रपाळीचं नेहमीचं काम. मेमरीची पट्टी बदलायची असो की फर्मवेअर चढवायचं असो, आधी त्या होस्टवरच्या व्हीएम चालू ठेवून दुसरीकडे न्याव्या लागतात. यालाच लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. कमांड एका ओळीची आहे आणि बहुतेक वेळा ती मुकाट्याने काम करते. म्हणूनच आत काय चाललंय याकडे लक्ष जात नाही.

धोका मायग्रेशन अडकण्याचा नाही. अडकलं तर ते दिसतं. खरा धोका असा, की मायग्रेशन व्यवस्थित पार पडतं, व्हीएम नव्या होस्टवर धावू लागते, आणि तिच्या मेमरीतलं एखादं पेज, म्हणजे ४ केबीचा एक तुकडा, जुनंच राहिलेलं असतं. तेव्हा काहीच कळत नाही. तीन दिवसांनी डेटाबेस चेकसम (डेटा शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) जुळत नसल्याची तक्रार करतो आणि सगळे डिस्कवर संशय घेतात. मायग्रेशनचा आणि त्या बिघाडाचा संबंध कुणी जोडत नाही, कारण लॉगमध्ये शंभर टक्के पूर्ण असंच लिहिलेलं असतं.

पुढचं सगळं लिनक्सवरच्या केव्हीएम (कर्नलमधला व्हीएम चालवणारा भाग), क्यूएमू (व्हीएमची डिव्हाइसं उभी करणारी प्रोसेस) आणि लिबव्हर्ट (दोघांना हाताळणारं साधन) या जोडणीला धरून आहे. प्री-कॉपी पद्धतीचा गाभा मात्र सगळीकडे सारखाच. आधी पूर्ण मेमरी एकदा पाठवायची. ती जात असताना जे बदललं ते पुन्हा पाठवायचं. उरलेलं थोडं झालं की व्हीएम क्षणभर थांबवायची, शेवटचा हप्ता पाठवायचा आणि पलीकडे सुरू करायची. यातला 'जे बदललं ते' हा भाग चोख नसेल, तर बाकी कशालाच अर्थ नाही.

आधी हिशेब करा: या मेमरीत लिहितं कोण?

बहुतेकांच्या डोळ्यासमोर फक्त व्हीसीपीयू (व्हीएमचा आभासी प्रोसेसर) असतो. गेस्टच्या (व्हीएमच्या आत चालणाऱ्या सिस्टिमच्या) मेमरीत लिहिणारे प्रत्यक्षात चार असतात, आणि प्रत्येकाची नोंद वेगळ्या ठिकाणी होते.

व्हीसीपीयूने लिहिलेलं केव्हीएम पकडतं. मेमरी स्लॉटवर (मेमरीच्या एका सलग भागावर) डर्टी लॉगिंगचा, म्हणजे बदललेली ('डर्टी') पेजेस नोंदवण्याचा, झेंडा लावला की कर्नल पेजेस राइट-प्रोटेक्ट करतं, म्हणजे लिहिण्याची परवानगी काढून घेतं. गेस्टने पहिल्यांदा लिहिलं की फॉल्ट होतो (प्रोसेसर अडून कर्नलला बोलावतो), बिटमॅपमधला (दर पेजला एक बिट असलेल्या नकाशातला) बिट १ होतो आणि पेज लिहिण्यासाठी मोकळं होतं. त्याच पेजवर त्याच फेरीत पुन्हा लिहिलं तर फॉल्ट होत नाही. म्हणजे खर्च प्रत्येक पेजला, प्रत्येक फेरीत एकदाच.

दुसरा लिहिणारा खुद्द क्यूएमू. व्हर्च्युअल डिस्कवरून वाचलेला डेटा गेस्टच्या बफरमध्ये क्यूएमूची प्रोसेस टाकते. हे लिखाण होस्टच्या साध्या पेज टेबलमधून होतं, त्यामुळे केव्हीएमच्या राइट-प्रोटेक्टला ते दिसतच नाही. क्यूएमू आपल्या कोडमध्ये त्या पत्त्यावर स्वतः डर्टीची खूण करतं. कुणी क्यूएमूमध्ये स्वतःचं डिव्हाइस लिहिलं असेल आणि त्यात सरळ पॉइंटर घेऊन मेमरीत लिहिलं असेल, तर ही खूण राहून जाते. असं डिव्हाइस मायग्रेशन न करता वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं.

तिसरा व्हीहोस्ट. नेटवर्कची पॅकेटं कर्नलमधला व्हीहोस्ट थ्रेड थेट गेस्टच्या मेमरीत ठेवतो. त्याचा लॉग वेगळा असतो, तोही ४ केबीच्या पेजला एक बिट याच मापाने. क्यूएमू तो दर फेरीला आपल्या बिटमॅपमध्ये मिसळून घेतं. डीपीडीकेसारख्या (कर्नलबाहेर पॅकेटं हाताळणाऱ्या) व्हीहोस्ट-यूजर बॅकएंडने लॉगिंगची सोय दिली नसेल तर क्यूएमू मायग्रेशन सुरूच होऊ देत नाही. हा नकार आला की वैतागू नका, तो तुमच्या भल्याचा आहे. स्वतः बॅकएंड लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: पॅकेटचा बफर जसा लॉग करायचा, तसंच यूज्ड रिंगमधलं (वापरून झालेल्या बफरांच्या यादीतलं) लिखाणही लॉग करायचं. ते राहिलं तर मायग्रेशननंतर गेस्टचं नेटवर्क गप्प होतं, कारण बफर परत मिळाल्याची नोंद गेस्टपर्यंत पोचलेलीच नसते.

चौथा लिहिणारा सगळ्यांत त्रासदायक: पासथ्रू केलेलं, म्हणजे व्हीएमला थेट सोपवलेलं, खरं हार्डवेअर. एसआर-आयओव्हीचं नेटवर्क फंक्शन (एका कार्डातला व्हीएमला दिलेला वाटा) किंवा जीपीयू थेट डीएमएने (प्रोसेसरला वगळून) मेमरीत लिहितं, आणि प्रोसेसरच्या पेज टेबलला त्याचा पत्ता नसतो. नव्या व्यवस्थेत व्हीएफआयओमधून (डिव्हाइस व्हीएमला सोपवणारा कर्नलचा भाग) डिव्हाइसलाच डीएमएचा लॉग ठेवायला सांगता येतं (लिनक्स ६.१ पासून), किंवा आयओएमएमयूकडून (डिव्हाइसचे मेमरीतले पत्ते सांभाळणारं हार्डवेअर) डर्टी बिट वाचता येतात (लिनक्स ६.७ पासून). दोन्हींसाठी हार्डवेअरचा पाठिंबा हवा. डिव्हाइस मायग्रेट होतं पण डीएमएचा लॉग ठेवत नाही, अशा वेळी पिन केलेली (डिव्हाइससाठी जागेवर खिळवलेली) सगळी मेमरी दर फेरीला डर्टी धरली जाते. ते सुरक्षित असतं, पण मायग्रेशन कधी संपत नाही. व्यवहारात सोपा उपाय म्हणजे व्हर्टिओ-नेट (आभासी नेटवर्क कार्ड) आणि पासथ्रू फंक्शन यांची फेलओव्हर जोडी. मायग्रेशनआधी पासथ्रू आपोआप काढलं जातं, वाहतूक व्हर्टिओवर येते, आणि पलीकडे नवं फंक्शन जोडलं जातं.

प्रत्येक व्हीएमची एक्सएमएल (लिबव्हर्टमधली सेटिंगची फाइल) उघडून ही यादी एकदा करून ठेवा. कुठलं डिव्हाइस, लिहितं कोण, लॉग कोण ठेवतं. वीस मिनिटांचं काम आहे.

क्रम: आधी बिट पुसा, मग पेज उचला

सगळ्या सुरक्षिततेचा कणा हा एक नियम आहे. समजा ४१,२०७ क्रमांकाच्या पेजचा बिट १ आहे आणि पाठवणारा थ्रेड तिथे पोचला. त्याने आधी पेजची नक्कल काढली. त्याच क्षणी गेस्टने त्या पेजवर एक नवी रक्कम लिहिली. बिट आधीच १ होता, तो १ च राहिला. मग थ्रेडने 'हे पाठवून झालं' म्हणून बिट ० केला. नवी रक्कम लिहिल्याचा पुरावा इथे पुसला गेला. पेज पुन्हा कुणी लिहिलं नाही तर पलीकडे कायमची जुनी रक्कम.

आता क्रम उलटा करा. आधी बिट ० केला आणि पेज राइट-प्रोटेक्ट केलं, मग नक्कल काढायला घेतली. मध्येच गेस्टने लिहिलं तर नक्कल अर्धी जुनी, अर्धी नवी निघेल. पण लिहिताना फॉल्ट झाला, बिट पुन्हा १ झाला, आणि पुढच्या फेरीत हे पेज परत जाणार आहे. फाटकी नक्कल पलीकडे काही काळ पडून राहिली तरी नुकसान नाही, कारण तिकडची व्हीएम अजून चालू झालेली नाही. एखादं पेज दोनदा गेलं तर चालतं, एकदाही सुटलेलं चालत नाही.

यात टीएलबीचा (प्रत्येक कोअरमधल्या पेज टेबलच्या कॅशचा) एक बारकावा आहे. पेज टेबलमध्ये राइट-प्रोटेक्ट केलं तरी एखाद्या कोअरच्या टीएलबीमध्ये 'लिहायला परवानगी आहे' अशी जुनी नोंद शिल्लक असू शकते. त्या कोअरवरचा व्हीसीपीयू फॉल्ट न होता लिहीत राहतो. म्हणून सगळ्या कोअरवर टीएलबी फ्लश झाल्याशिवाय पेजला हात लावायचा नाही. डर्टी लॉग मागणारी केव्हीएमची जुनी पद्धत हे सगळं एकाच कॉलमध्ये करते: बिटची नोंद घेऊन तो पुसते, पेज प्रोटेक्ट करते, आणि कॉल परत येण्याआधी टीएलबी फ्लश करते. पद्धत सुरक्षित, पण मोठ्या व्हीएमवर जड. ५१२ जीबीच्या व्हीएमचा बिटमॅप १६ एमबीचा असतो. तेवढी पेजेस एका दमात प्रोटेक्ट करायला घेतली की व्हीसीपीयू कुलपासाठी ताटकळतात.

म्हणून मॅन्युअल प्रोटेक्टची सोय आली. यात लॉग मागितला की फक्त बिट मिळतात, पुसलं काही जात नाही. एखादा भाग पाठवायची वेळ आली की तेवढ्यापुरता 'क्लिअर'चा वेगळा कॉल करायचा. क्यूएमू हे साधारण १ जीबीच्या तुकड्यांनी करतं. क्यूएमू वापरणाऱ्याला इथे काही करावं लागत नाही. स्वतःचा व्हीएमएम (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) किंवा स्नॅपशॉटचं साधन लिहिणाऱ्याने मात्र क्लिअर परत आल्यावरच पेज वाचायला घ्यावं.

डर्टी रिंगलाही (बिटमॅपऐवजी बदललेल्या पेजेसच्या क्रमांकांची यादी; तिच्याबद्दल पुढे) हाच नियम. रिंगमधून पेजचे क्रमांक गोळा करायचे, त्यांवर 'उचललं' अशी खूण करायची, मग रिसेटचा कॉल करायचा, आणि त्यानंतरच पेजमधला मजकूर वाचायचा. रिसेट म्हणजेच पुन्हा प्रोटेक्ट करणं. ते राहू देऊन आधी मजकूर वाचला तर ४१,२०७ चीच गत.

बिटमॅप, पीएमएल की रिंग

साध्या बिटमॅपमध्ये ६४ जीबीच्या व्हीएमला १,६७,७७,२१६ पेजेस, म्हणजे २ एमबीचा नकाशा. जागा नगण्य. खर्च आहे तो फॉल्टचा आणि दर फेरीला पूर्ण नकाशा चाळण्याचा.

इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासून पीएमएल (पेज मॉडिफिकेशन लॉगिंग) आहे. प्रोसेसर स्वतः लिहिलेल्या पेजचे पत्ते ५१२ नोंदींच्या बफरमध्ये टाकतो आणि बफर भरला की मगच केव्हीएमला उठवतो. फॉल्टची संख्या एकदम घटते. केव्हीएमच्या इंटेल मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये पीएमएलपुढे 'वाय' दिसतो का ते दोन्ही होस्टवर पाहा.

डर्टी रिंग लिनक्स ५.११ मध्ये आली आणि क्यूएमू ६.१ पासून वापरता येते. प्रत्येक व्हीसीपीयूची रिंग वेगळी, एक नोंद १६ बाइटची. ४,०९६ नोंदींची रिंग म्हणजे व्हीसीपीयूमागे ६४ केबी. रिंग भरली की तो व्हीसीपीयू ती रिकामी होईपर्यंत थांबतो. म्हणजे जो जास्त लिहितो त्याचाच वेग कमी होतो, बाकीच्यांना झळ नाही. मोठ्या मेमरीच्या पण कमी लिहिणाऱ्या व्हीएमला रिंग छान मानवते. सगळीकडे भराभर लिहिणाऱ्या व्हीएमला ती सारखी भरते आणि बिटमॅपच बरा पडतो. लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये केव्हीएमच्या फीचर्सखाली डर्टी-रिंग सुरू करून आकार द्यायचा. तो दोनच्या घातात, १,०२४ ते ६५,५३६ या मर्यादेत. बदल लागू व्हायला व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, त्यामुळे हा निर्णय मायग्रेशनच्या रात्रीचा नाही.

ह्यूज पेजबद्दल एक गोष्ट. गेस्टची मेमरी २ एमबीच्या पेजेसवर असेल तर लॉगिंग सुरू होताच केव्हीएमला त्यांचे ५१२-५१२ तुकडे करावे लागतात. नाहीतर एका बाइटच्या बदलासाठी २ एमबी पुन्हा पाठवावं लागेल. हे तुकडे होताना व्हीएम किंचित अडखळते. मायग्रेशनच्या पहिल्या काही सेकंदांत अॅप्लिकेशनचा प्रतिसाद मंदावला तर नेटवर्कच्या मागे लागू नका, बहुधा हेच कारण असतं.

हलवण्याआधी मोजा, आणि दोनदा मोजा

लिबव्हर्टच्या 'व्हर्श' या कमांड-साधनात 'डोमडर्टीरेट-कॅल्क' ही कमांड आहे. व्हीएमचं नाव आणि सेकंद दिले की ती डर्टी रेट, म्हणजे सेकंदाला किती मेमरी बदलते ते, मोजायला लागते. निकाल 'डोमस्टॅट्स'मध्ये डर्टीरेटचा पर्याय देऊन पाहायचा. स्टेटस २ आलं म्हणजे मोजणी पूर्ण. आकडा सेकंदाला किती एमबी असा येतो. मोड न दिल्यास पेज-सॅम्पलिंग होतं, म्हणजे दर जीबीमागे ५१२ पेजेस निवडून त्यांचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) आधी-नंतर ताडून पाहिला जातो. गेस्टला त्याचा जाच होत नाही, पण तो अंदाज असतो. नेमकं हवं असेल तर डर्टी-बिटमॅप मोड द्या. त्यात खरं लॉगिंग चालू होतं, थोडा भार पडतो.

मोजणी एकदा १ सेकंदाची आणि एकदा १० सेकंदांची करा. एकच पेज दहा सेकंदांत हजार वेळा लिहिलं तरी ते एकच डर्टी पेज. समजा १ सेकंदाच्या मोजणीत ८०० एमबी आले आणि १० सेकंदांच्या मोजणीत सेकंदाला ९० एमबी. याचा अर्थ व्हीएम जेमतेम ९०० एमबीच्या भागातच पुन्हापुन्हा लिहितेय. फेऱ्या भराभर आटोपतील, पण उरलेलं त्या ९०० एमबीच्या आसपास येऊन अडेल. मोठी मोजणी फेऱ्यांचा अंदाज देते, छोटी मोजणी शेवटच्या थांब्याचा. फक्त एक आकडा पाहून 'जमेल' म्हणणारे इथेच फसतात.

आता गणित. व्हीएम ३२ जीबीची, लिंक १० गिगाबिटची, हातात येणारा वेग सेकंदाला सुमारे १,१०० एमबी, डर्टी रेट ३००. पहिल्या फेरीला ३० सेकंद, तेवढ्यात ८,९०० एमबी बदललं. दुसरीला ८ सेकंद, बदललं २,४०० एमबी. तिसरीला सव्वादोन सेकंद, बदललं साधारण ६६५ एमबी. चौथी अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त, उरलं १८० एमबी. क्यूएमूची थांब्याची मूळ मर्यादा ३०० मिलिसेकंद, म्हणजे या वेगाने ३३० एमबी त्यात बसतात. म्हणून इथे व्हीएम थांबते आणि पाऊण मिनिटाच्या आत काम फत्ते. हीच व्हीएम १ गिगाबिटच्या लिंकवर टाकली तर हातात येतात सेकंदाला ११२ एमबी, आणि बदल होतात ३०० ने. ती उद्या सकाळपर्यंतही पोचणार नाही. डर्टी रेट लिंकच्या निम्म्याहून कमी असेल तरच निवांत सुरू करा.

वेळ घड्याळ बघून ठरवू नका, भार बघून ठरवा. रात्री तीन वाजता सगळं शांत असतं हे ऑफिसच्या कामाला लागू. वाशीच्या एपीएमसीत भाजीपाल्याच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात आणि पहाटे व्यवहाराला जोर असतो. तिथल्या गाळ्यांचं बिलिंग ज्या व्हीएमवर चालतं तिला तीन वाजता हात लावणं म्हणजे भर गर्दीत दुकान हलवणं. अशा व्हीएमची मोजणी आठवडाभर दर तासाला करून ठेवा. बहुधा दुपारची वेळच योग्य निघेल.

तयारी

दोन्हीकडे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असतील तर होस्ट-पासथ्रू (होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा व्हीएमला दाखवणं) वापरू नका. 'हायपरव्हायजर-सीपीयू-बेसलाइन'ने दोघांना चालेल असं मॉडेल काढा. मशीन टाइप (व्हीएमच्या आभासी हार्डवेअरचं मॉडेल) दोन्ही क्यूएमूंना माहीत हवा, आणि पलीकडचं क्यूएमू तेवढंच किंवा नवं हवं. फायरवॉलमध्ये लिबव्हर्टच्या टीएलएससाठी (कूटबद्ध जोडणीसाठी) १६५१४ आणि मेमरीच्या डेटासाठी ४९१५२ ते ४९२१५ पोर्ट उघडे ठेवा. मायग्रेशनची वाहतूक वेगळ्या नेटवर्कवरून न्या आणि टीएलएस लावा. या प्रवाहात गेस्टची अख्खी मेमरी जाते, त्यात पासवर्ड आणि किल्ल्याही असतात.

डिस्कचा कॅश मोड 'नन' ठेवा. कारण आपल्या विषयाशीच जोडलेलं आहे. होस्टच्या पेज कॅशमध्ये पडलेला डिस्कचा डेटा ही गेस्टची मेमरी नव्हे, त्यामुळे कुठलाही डर्टी बिटमॅप त्याला हलवत नाही. शेअर्ड स्टोरेजवर दोन होस्टांचे कॅश वेगवेगळं चित्र दाखवू लागले तर फाइल सिस्टिम बिघडते. लिबव्हर्ट अशा ठिकाणी अडवतं, आणि मग कुणीतरी 'अनसेफ'चा पर्याय लावून पुढे जातं. तो पर्याय लावू नका.

प्रत्यक्ष हलवताना

'व्हर्श मायग्रेट'ला लाइव्ह, परसिस्टंट, अनडिफाइनसोर्स आणि व्हर्बोज हे पर्याय द्या. अबॉर्ट-ऑन-एरर जरूर जोडा, म्हणजे डिस्कवर लिहिताना चूक झाली तर मायग्रेशन थांबतं. २५ गिगाबिट किंवा त्याहून वेगवान लिंक असेल तर एकाच थ्रेडने ती भरत नाही; पॅरलल पर्याय देऊन ४ कनेक्शन लावा.

दुसऱ्या टर्मिनलवर दर दोन सेकंदांनी 'डोमजॉबइन्फो' पाहत राहा. नजर तीन ओळींवर: उरलेली मेमरी, डर्टी रेट आणि इटरेशन (फेरी). डर्टी रेट इथे पेजेसमध्ये असतो. ७५,००० पेजेस म्हणजे सेकंदाला साधारण ३०० एमबी. उरलेली मेमरी प्रत्येक इटरेशनला घटत असेल तर हात लावू नका. लागोपाठ चार इटरेशन ती त्याच आकड्याभोवती घुटमळत असेल, तर आपोआप काही सुटणार नाही.

तेव्हा पर्याय चार. 'मायग्रेट-सेटमॅक्सडाउनटाइम'ने थांबा वाढवणं हा पहिला. मर्यादा ८०० मिलिसेकंद केली तर वरच्या लिंकवर ८८० एमबी बसतात. बहुतेक वेब अॅप्लिकेशनला हे जाणवतही नाही. क्लस्टरमधल्या नोडला मात्र आधी हार्टबीटचा टाइमआउट तपासून मगच वाढवा, नाहीतर साथीदार नोड याला मेलेला समजून काम स्वतःकडे ओढून घेईल.

दुसरा ऑटो-कन्व्हर्ज. यात व्हीसीपीयूंना मुद्दाम डुलक्या दिल्या जातात: सुरुवात २० टक्क्यांनी, मग दहा-दहाने वाढवत ९९ पर्यंत. मायग्रेशन होतं, पण ६० टक्क्यांच्या पुढे गेस्टमधला माणूस फोन करतो. डेटाबेसवर हा पर्याय टाळावा. लांबलेले लॉक आणि साचलेली कनेक्शनं मायग्रेशन संपल्यावरही बराच वेळ निस्तरावी लागतात.

तिसरा पोस्ट-कॉपी. व्हीएम आधी पलीकडे सुरू होते आणि न पोचलेली पेजेस लागतील तशी मागवते. कितीही लिहिणारी व्हीएम यात हलते, कारण प्रत्येक पेज एकदाच जातं. पण त्या काळात खरी मेमरी दोन होस्टांत विभागलेली असते. मूळ होस्ट बंद पडला तर व्हीएम गेली, परतीचा रस्ता नाही. नुसती लिंक तुटली तर व्हीएम थांबते आणि 'पोस्टकॉपी-रिझ्यूम'ने पुढे नेता येते, पण मूळ होस्ट तोवर शाबूत हवा. म्हणून एकाच हॉलमधल्या दोन रॅकमध्ये पोस्ट-कॉपी वापरायला हरकत नाही. महापे ते वागळे इस्टेट अशा दोन जागांमध्ये, रस्त्याखालून गेलेल्या एकाच फायबरच्या भरवशावर, आणि तेही पावसाळ्यापूर्वी रस्ते खोदले जात असताना, वापरू नये. शिवाय प्रकाशाला फायबरमधून किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. दहा किलोमीटरच्या जाण्या-येण्यात प्रत्येक न सापडलेल्या पेजमागे १०० मायक्रोसेकंद वाढतात, आणि अशी पेजेस लाखांनी असतात.

चौथा पर्याय 'डोमजॉबअबॉर्ट'. प्री-कॉपीत ताबा पलीकडे जाईपर्यंत मूळ व्हीएम संपूर्ण आणि धडधाकट असते. रद्द केल्याने काहीही बिघडत नाही. हा कमीपणा मानू नका. शंका आली तर हाच पर्याय आधी आठवावा.

शेवटचा थांबा

सगळ्यांत नाजूक भाग हाच, आणि स्वतःचं साधन लिहिणारे इथेच चुकतात. व्हीसीपीयू थांबले म्हणजे सगळं लिखाण थांबलं असं नाही. डिस्कवरून वाचायला सांगितलेल्या विनंत्या अजून वाटेत असतात आणि त्यांचा डेटा गेस्टच्या मेमरीत यायचा असतो. व्हीहोस्टचा थ्रेड पॅकेट ठेवत असतो. म्हणून आधी व्हीसीपीयू थांबवायचे, मग डिव्हाइस आणि व्हीहोस्ट, वाटेतल्या डिस्क विनंत्या पूर्ण होऊ द्यायच्या, रिंग रिकाम्या करून घ्यायच्या, आणि हे सगळं झाल्यावरच शेवटचा बिटमॅप उचलायचा. तो दहा मिलिसेकंद आधी उचलला तर चुकणारं पेज नेमकं नुकतंच डिस्कवरून वाचलेलं असतं, आणि मग दोष डिस्कलाच दिला जातो.

खात्री करण्याची चाचणी

कर्नल किंवा क्यूएमू बदललं, नवा बॅकएंड आणला, की ग्राहकाच्या व्हीएमला हात लावण्याआधी ही चाचणी करा. ८ जीबीची रिकामी व्हीएम घ्या. तिच्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहा जो ४ जीबी मेमरी घेऊन लॉक करतो, म्हणजे १०,४८,५७६ पेजेस. तो प्रत्येक पेजच्या पहिल्या ८ आणि शेवटच्या ८ बाइटमध्ये फेरीचा क्रमांक लिहीत फिरतो. पुढच्या फेरीत त्या पेजवर आल्यावर लिहिण्याआधी वाचतो. दोन्ही ठिकाणी बरोबर मागच्या फेरीचा क्रमांक हवा. सत्तावनाव्या फेरीत ५६ ऐवजी ५५ दिसला तर ते पेज सुटलं. पुढे ५६ आणि मागे ५५ दिसला तर फाटकी नक्कल तशीच राहिली. पेज क्रमांक आणि दोन्ही आकडे लगेच नोंदवून ठेवा.

प्रोग्रॅमला मध्ये झोपण्याचा आकडा द्या, म्हणजे डर्टी रेट कमी-जास्त करता येईल. सेकंदाला ५० एमबीवर सगळं सुरळीत दिसतं. एकाच पेजला दोघांनी एकदम हात लावल्याने होणाऱ्या (रेस) चुका वर येतात त्या लिंकच्या ७०-८० टक्क्यांवर.

एवढ्याने फक्त व्हीसीपीयूचं लिखाण तपासलं जातं. क्यूएमूच्या लिखाणासाठी ठरावीक नमुन्याची मोठी फाइल डायरेक्ट आयओने (गेस्टच्या कॅशला वगळून) सतत वाचत राहा आणि प्रत्येक ब्लॉक ताडून पाहा. व्हीहोस्टसाठी बाहेरून चेकसम लावलेला प्रवाह पाठवत राहा. तिन्ही एकाच वेळी चालू ठेवून व्हीएम दोन होस्टांमध्ये किमान पन्नास वेळा ये-जा करू द्या, काही वेळा मध्येच रद्दही करा. रद्द केल्यावर लॉगिंग नीट बंद होऊन पुढच्या वेळी नव्याने सुरू होतं का, हे त्यातच कळतं.

एक जरी पेज चुकलं तर त्याचा क्रमांक बघा. चुकलेली पेजेस ५१२ च्या पटीत सलग असतील तर ह्यूज पेजच्या तुकड्यांकडे जा. डिस्कच्या बफरमध्येच असतील तर शेवटच्या थांब्याचा क्रम तपासा. विखुरलेली, एकेकटी असतील तर टीएलबी फ्लश किंवा क्लिअर आणि वाचन यांच्या क्रमात गडबड आहे. आणि ती सापडेपर्यंत त्या जोडणीवरून ग्राहकाची एकही व्हीएम चालू अवस्थेत हलवू नका. बंद करून हलवा.